उभ्याने मोजलेलं बीपी

सकाळच्या विरार लोकलमध्ये पन्नाशीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली की डब्यातलं कुणीतरी त्याला बसायला जागा देतं. बसल्यावर दोन मिनिटांत तो सावरतो. ‘उपाशी निघाला असाल,’ म्हणून विषय मिटतो. डॉक्टर खुर्चीत बसवून बीपी घेतात, ते चांगलं निघतं. महिन्याभराने पुन्हा तेच. उठताना अंधारी आणि मानेपासून खांद्यांपर्यंत दुखणं असं चालू असेल, तर बसून घेतलेल्या बीपीवर समाधान मानू नका.

उभं राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांतले संवेदक मेंदूला तसं कळवतात, मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते. हे सगळं काही सेकंदांत होतं. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी, म्हणजे एमएसए, या आजारात हा हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन मेंदूतल्या आधारपेशींमध्ये साचतं. 1960 मध्ये शाय आणि ड्रेगर या अमेरिकी डॉक्टरांनी असे रुग्ण तपशीलवार नोंदवले, आणि एमएसए हे नाव 1969 मध्ये आलं. परदेशांतल्या पाहण्यांत लाखात चार-पाच जणांना हा आजार आढळतो. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. तेच प्रमाण इथे धरलं तरी पन्नासेक घरं होतात.

तोल बिघडवणाऱ्या मेंदूविकारांच्या अभ्यासाची मुंबईला चांगली परंपरा आहे. इथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला, तोल बिघडवणारा आणि डोळ्यांची हालचाल मंदावणारा आनुवंशिक आजार मांडला. एमएसएमध्येही अनेकांचा तोल असाच जातो, पण तो सहसा घराण्यातून येत नाही.

निदान चुकतं, कारण खुणा वेगवेगळ्या दारांत जातात. लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची गोळी सुरू होते, आणि त्यातल्या काही गोळ्या बीपी आणखी पाडतात. हालचाल जड झाली म्हणून पार्किन्सनची लेव्होडोपा मिळते. एमएसएमध्ये तिचा उपयोग बहुधा थोडाच होतो, पण बीपी मात्र तीही उतरवते. झोपेत ओरडणं, लाथा मारणं कधी कधी कित्येक वर्षं आधीपासून असतं. ते कुणी सांगतच नाही, कारण कुणी विचारत नाही.

तपासणीला लागतं साधं बीपीचं मशीन. पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. सोबत कुणीतरी हवंच. समजा आडवं असताना 150/85 होतं आणि उभं राहिल्यावर 95/55 झालं. वरचा आकडा 20 नी किंवा खालचा 10 नी उतरला की डॉक्टरांना सांगायची वेळ आली. नाडीही लिहा. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ती सहसा जोरात वाढते. बीपी एवढं पडूनही ती 72 वरून जेमतेम 76 वर गेली, तर दोष मज्जातंतूंचा असण्याची शंका घ्यावी.

आजार बरा करणारं औषध अजून नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना सहा ते दहा वर्षं मिळतात. म्हणूनच पडणं टाळून तो काळ सुसह्य करणं फार मोलाचं आहे. अंथरुणातून उठण्याआधी अर्धा लिटर पाणी भराभर प्यायलं की तासभर बीपीला आधार मिळतो. पोटभर भात खाल्ल्यावर, कडक पाण्याने अंघोळ केल्यावर, ऑक्टोबर हीटमध्ये बीपी जास्त उतरतं. थोडं थोडं खाणं आणि पोटाला आवळपट्टा बांधणं उपयोगी पडतं. मीठ वाढवायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मिडोड्रिनसारखी गोळी संध्याकाळनंतर घेत नाहीत, कारण याच माणसाचं बीपी आडवं झाल्यावर चढतं. रात्री पलंगाची उशाकडची बाजू वर उचलून ठेवतात, तीही त्यासाठीच.

घरच्यांना एकच विनंती. गणपतीच्या आरतीला किंवा चर्चमध्ये मिस्साला सगळे उभे राहिले म्हणून यांना उठवू नका. उभं राहायचंच असेल तर घट्ट आधार धरून मांड्या आणि पोटऱ्या आवळत राहायला सांगा, आणि खुर्ची मागेच असू द्या.