एकत्र कुटुंबाचा जमाखर्च

एकत्र कुटुंबाविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक गहिवराचा, दुसरा सुटकेच्या निःश्वासाचा. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला दोन्ही अपुरे वाटतात. तीन पिढ्यांचे घर ही एक आर्थिक संस्था होती, आणि तिचा जमाखर्च पाहिल्याशिवाय ती का टिकली व का विसकटली हे उमगत नाही.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. जनगणना कुटुंब मोजते ते चुलीवरून. वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, की मधले दार उघडे असले तरी सरकारदप्तरी कुटुंबे दोन. मुंबईच्या गिरणीत लागलेला धाकटा भाऊ दरमहा गावी मनिऑर्डर करी, पेरणीला रजा टाकून येई, त्याची मुले थोरल्याकडे वाढत. तरी मोजणीत तो निराळाच. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुव्याच्या अभ्यासात (१९६४) हेच दाखविले, की एका छपराखालचा निवास हा एकत्रपणाचा एकमेव पुरावा नव्हे. उलट प्रकारही पाहावा. भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, परंतु प्राप्तिकराच्या कागदावर ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ सुखाने नांदत असते!

या संस्थेचे मुख्य कार्य विम्याचे होते. पीक बुडाले, कर्ता पुरुष अकाली गेला, मुलगी विधवा होऊन माहेरी परतली, तर आधार घराचाच. दुसरा कोणताही नव्हता. मात्र या विम्याचा हप्ता कोण भरत होते? ‘मिळवते पुरुष’ हे नेहमीचे उत्तर अर्धसत्य आहे. माहेरी आलेल्या विधवा आत्याला घराने सांभाळले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या आत्याने तीस-चाळीस वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत घर सांभाळले, हे वहीत कोठेच लिहिलेले नसते. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-विनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि असे पुरुष मुळात थोडे.

हप्ता भरणारीला भांडवलात वाटा मात्र नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि संसदेने २००५ साली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला. त्यानंतरही तलाठ्याच्या दप्तरात बहिणींची हक्कसोडपत्रे येतच राहिली. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिच्या दृष्टीने हाही एक हप्ताच आहे.

दरम्यान भांडवलच आटत गेले. देशातील सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले. एवढ्याशा तुकड्यावर तीन पिढ्या बांधून ठेवणे कोणाही कर्त्याला शक्य नाही. तेव्हा दोष नव्या सुनेच्या स्वभावाला देणे ही सोयीची पळवाट होय.

नोकरदार वर्गात हे घर आणखी काही काळ टिकले, त्याचे श्रेय संस्कारांइतकेच निवृत्तिवेतनाला दिले पाहिजे. दरमहा स्वतःची रक्कम आणणाऱ्या आजोबांचा शब्द घरात चाले. नातवाची फी ते भरीत. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी व शिक्षक जुन्या योजनेसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांना ऐतखाऊ ठरविणाऱ्यांनी म्हातारपणी मुलापुढे हात पसरण्याची धास्ती ध्यानात घेतली नाही. शेतमजूर आणि दुकानातला नोकर यांच्या वाट्याला तर संपावर जाण्याची सोयही नाही.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण पैसा हा निम्माच प्रश्न. दोन खोल्यांच्या घरात नवराबायको दोघेही कामावर जातात आणि सासूबाई अंथरुणाला खिळतात, तेव्हा नोकरी सोडते ती बहुधा सून. बालवाड्यांसाठी नगरपालिका जागा व पैसा काढतात. वृद्धांच्या दिवसभराच्या शुश्रूषेसाठी वॉर्डावॉर्डांत तशीच केंद्रे काढून त्यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, अशी मागणी नोकरदारांच्या संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीशेजारीच लिहावयास हवी.