डॉल्फिनचा शिक्षक बाटल्यांच्या धंद्यात

दांडीच्या किनाऱ्यावर जाळ्यात मासळीबरोबर पाण्याची रिकामी बाटली आली तर कोळी बांधवाला तो कचरा वाटतो. बोईसरच्या भंगारवाल्याला तीच बाटली किलोच्या भावाने विकायचा माल वाटते. गिरणीत पोचेपर्यंत तिचा पॉलिस्टर धागा झालेला असतो. या साखळीत सर्वांत कमी पैसा पहिल्या हाताला मिळतो. आमचे अनेक वाचक भंगार, प्लॅस्टिक आणि कापडाच्या व्यवसायात आहेत. म्हणून या धंद्यात अगदी वेगळ्या वाटेने आलेल्या एका अमेरिकन तरुणाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

त्याचे नाव इयान रोझेनबर्गर. तो मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. फ्लोरिडातील की लार्गो येथे तो डॉल्फिनना शिकवण्याचे काम करी. या कामात चाबूक चालत नाही. डॉल्फिनने योग्य हालचाल केली की त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि लगेच मासळी द्यायची; चुकला तर शिक्षा न करता दुर्लक्ष करायचे. शिट्टी वाजवून मासळी दिली नाही, तर जनावराचा शिट्टीवरचा विश्वास उडतो. सारी विद्या वेळेवर मोबदला देण्याची.

आपल्याकडे हा पेशा रुजला नाही. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका जलक्रीडा केंद्रात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले. ते काही महिन्यांतच दगावले. पुढे मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उघडण्यास मनाई केली.

इयान २३ वर्षांचा असताना 'सर्व्हायव्हर' या दूरचित्रवाणी स्पर्धेत उतरला. पॅसिफिक महासागरातील पलाऊ बेटांवर २० जणांनी ३९ दिवस काढायचे, एकेकाला मतदानाने बाहेर घालवायचे आणि शेवटी उरणाऱ्याने दहा लाख डॉलर घ्यायचे, असा तो खेळ. २००५ साली तो अमेरिकेत दाखवला गेला. इयान शेवटच्या तिघांत पोचला. पण डावपेचांत त्याने सोबत्यांना दिलेला शब्द पाळला नाही, असा ठपका त्याच्यावर आला होता. शेवटच्या शर्यतीत तिघांना समुद्रात बोयांवर उभे राहायचे होते. तिसरी स्पर्धक आधी उतरली. इयान आणि टॉम वेस्टमन हा अग्निशमन दलातील जवान मात्र जवळजवळ बारा तास उभेच होते. अखेर इयानने आपण होऊन माघार घेतली आणि दुखावलेल्या मैत्रिणीला अंतिम फेरीत न्यावे असे टॉमला सांगितले. टॉम दहा लाखांचा मालक झाला, इयान तिसरा आला. हातातोंडाशी आलेली रक्कम सोडली म्हणून काहींनी त्याला वेड्यात काढले, तर काहींच्या मनात त्याची किंमत वाढली.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने उद्ध्वस्त झाली. मदतीसाठी गेलेल्या इयानला तेथे दोन गोष्टी जागोजागी दिसल्या: रिकाम्या बाटल्या आणि बेकार हात. खैरात काही दिवसांत संपते, गिऱ्हाईक मिळाले तर रोजगार टिकतो, हे त्याने ओळखले. त्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात त्याने 'थ्रेड' ही कंपनी काढली. हैतीत गोळा झालेल्या बाटल्यांपासून कापड तयार करून ते विकायचे, हा तिचा धंदा. २०१७ साली 'टिंबरलँड' या पादत्राणांच्या प्रसिद्ध कंपनीने या कापडाचे जोडे आणि पिशव्या बाजारात आणल्या.

आता यातील व्यवहार पाहू. बाटली 'पेट' प्लॅस्टिकची असते, झाकण दुसऱ्या जातीचे. तुकडे करून पाण्यात टाकले की पेट बुडते आणि झाकणाचे तुकडे तरंगतात. असा माल वेगळा होतो. पीव्हीसीचे थोडे लेबल राहिले तरी वितळवताना सारा घाणा बिघडतो. रंगीत बाटलीपेक्षा पारदर्शक बाटलीला भाव अधिक, कारण तिचा धागा हव्या त्या रंगात रंगवता येतो. म्हणजे निवडणाऱ्याच्या हातातच मालाची प्रत ठरते. जोखीमही आहे. खनिज तेल स्वस्त झाले की नवा पॉलिस्टर स्वस्त होतो आणि जुन्या बाटलीचा भाव कोसळतो. त्याची पहिली झळ वेचणाऱ्याला बसते.

इयानने यंत्राचा नवा शोध लावला नाही. बाटलीपासून धागा करण्याची विद्या आधीपासून होती. त्याने माल कोठून आला, कोणी वेचला, याची माहिती कापडासोबत गिऱ्हाईकापर्यंत पोचवली. बड्या कंपन्यांना ती माहिती हवी होती.

आपल्याकडेही २०२२ च्या नियमांनी प्लॅस्टिक वेष्टन वापरणाऱ्या कंपन्यांवर तेवढे प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. दांडी ते बोईसर हा टापू तर अवघ्या काही किलोमीटरचा. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला तारापूरची औद्योगिक वसाहत. आमच्या भंगार व्यावसायिक बांधवांना आम्ही सुचवू इच्छितो की, माल निवडून, धुऊन आणि वजनाची चोख नोंद ठेवूनच पुढे द्यावा. शक्य असल्यास चार दुकानदारांनी मिळून एकत्र विकावा. आणि वेचणाऱ्या बाईला तिचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. शिट्टी वाजवून मासळी हातात ठेवली, तर डॉल्फिनदेखील दुसऱ्या दिवशी जवळ येत नाही.