काट्यावरचा संगणक का थबकतो?

बारामती - गाळपाचा हंगाम भरात आला, की माळेगाव, सोमेश्वरनगर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. तोडलेला ऊस उन्हात जितका वेळ उभा राहील, तितके त्याचे वजन घटते आणि शेतकऱ्याचे पैसे तर वजनावरच ठरतात. अशा वेळी एखाद्या वजनकाट्यावरील संगणक थबकला, तर त्याची झळ रांगेतील शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोचते. दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीत असतो.

उपकरणांशी बोलणाऱ्या आज्ञावल्या आजही मोठ्या प्रमाणावर 'सी' भाषेत लिहिल्या जातात. अशी आज्ञावली सहसा काट्याला थेट हात लावत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागणी नोंदवते. ही मागणी म्हणजे 'सिस्टिम कॉल'. 'रीड' हा त्यातलाच एक. मागितलेली माहिती आली नसेल, तर ती येईपर्यंत कर्नल आज्ञावलीला त्याच ओळीवर झोपवून ठेवतो. हेच 'ब्लॉकिंग'. काट्याची तार सैल झाली, की पडदा, कळफलक आणि पावतीचा प्रिंटर हे सारेच त्या एका ओळीपाशी खोळंबतात.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात रात्री दारे धरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वीज येईपर्यंत मोटरीपाशी बसून राहणे म्हणजे ब्लॉकिंग. दर अर्ध्या तासाने चक्कर मारून पाहणे हा दुसरा मार्ग; त्यात पायपीट फार. मोबाईल स्टार्टर बसवला, तर वीज आल्याचा निरोप घरबसल्या मिळतो. 'सिलेक्ट' आणि पुढे लिनक्समध्ये आलेला 'ईपोल' हे असेच निरोपे आहेत. अनेक तारांपैकी कोणत्या तारेवर माहिती आली आहे, ते त्यांच्याकडून कळते.

मात्र येथे एक गोम आहे. डिस्कवरील साध्या फाइलविषयी विचारले, तर 'सिलेक्ट' सदैव 'तयार आहे' असेच सांगतो. प्रत्यक्षात वाचताना आज्ञावली अडकतेच. 'ईपोल' तर अशी फाइल स्वीकारतच नाही. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारे नेहमीचे फंक्शनही उत्तर येईपर्यंत सोडत नाही. अशा कामांसाठी वेगळे गडी ठेवावे लागतात. त्यांना 'थ्रेड' म्हणतात. मुख्य थ्रेड कामाची चिठ्ठी रांगेत टाकतो, दुसरा थ्रेड तो कॉल करून अडकून बसतो आणि काम झाले की एका 'पाइप'मध्ये एक बाइट लिहितो. मुख्य थ्रेडचे लक्ष त्या पाइपवर असतेच. वाट पाहणे टळत नाही. ती कोणी पाहायची, एवढेच बदलते. 'नोड जेएस'च्या पोटातील 'लिबयूव्ही' फाइलींसाठी हेच करते, तेही मुळात अवघ्या 4 थ्रेडवर. हे चौघे मृत सर्व्हरच्या नादी लागले, तर पाचवे काम ताटकळते.

याहून घातक चूक बफरची. माहिती ज्या जागेत येणार, ती जागा काम पूर्ण होण्यापूर्वीच मोकळी केली, तर नंतर आलेली माहिती भलत्याच ठिकाणी लिहिली जाते. 'सी' भाषा याबद्दल इशारा देईलच, याची खात्री नाही. थबकलेला काटा निदान डोळ्यांना दिसतो, पण पावतीवर चुकीचे वजन छापले गेले तर ते कोणाच्या लक्षात येणार?

मे 2019 मध्ये लिनक्सच्या 5.1 या आवृत्तीत येन्स आक्सबो यांची 'आयओ यूरिंग' ही सोय आली. आज्ञावली आणि कर्नल यांच्यात दोन सामाईक रांगा असतात: एक मागण्यांची, दुसरी पूर्ण झालेल्या कामांची. फाइल आणि नेटवर्क दोन्ही त्यात सामावतात. तथापि, तीत सापडलेल्या सुरक्षाविषयक त्रुटींमुळे गूगलने 2023 मध्ये आपल्या सर्व्हरवर तिचा वापर बंद केल्याचे जाहीर केले. काट्यासारख्या कामाला एवढा खटाटोप नको. एक जादा थ्रेड पुरेसा आहे.

फक्त त्या थ्रेडला मध्येच ठार मारू नये, कारण त्याच्या ताब्यातील कुलुपे तशीच बंद राहू शकतात. त्यापेक्षा मुख्य थ्रेडने घड्याळ लावावे आणि पाच सेकंदांत उत्तर न आल्यास पडद्यावर 'काट्याकडून वजन आले नाही' असे स्पष्ट दाखवावे. म्हणजे काटेवाल्याला तार तपासता येईल आणि रांगेतील ट्रॉली शेजारच्या काट्याकडे वळवता येईल.