आपल्या गांवीं येणारें सेवापथक

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचें पथक यंदाच्या हिवाळ्यांत सात दिवस आपल्या गांवीं मुक्कामास येत आहे, हें सभासदांस विदित आहेच. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तींत दाखल झालेल्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावें व सात दिवसांचें एक शिबिर पुरें करावें, असा नियम आहे. शंभरांच्या तुकडींतील निम्मीं मुलें शिबिरास येतात. म्हणजे आपल्याकडे पन्नास येतील. पन्नासांस जेवूं घालणें आपणांस जड नाहीं. पन्नासांस कामाचें काम देणें अवघड. म्हणून त्यांची ओळख आधींच करून देत आहों.

पथकाच्या प्रमुख बाई इतिहास शिकवितात. शेतींतलें आपणांस कळत नाहीं, असें त्यांनीं पहिल्याच भेटींत मोकळेपणानें सांगितलें. काम शेतकऱ्यांनीं दाखवावें, शिस्त आपण पाहूं, अशी वांटणीही त्यांनींच केली. ती आम्हांस पसंत पडली.

मुलांची प्रतिनिधी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. तिचे आईवडील दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात; घरीं ती, आजी व धाकटा भाऊ. सात दिवस भावाला मावशीकडे ठेवून ती येणार आहे. टोपलें उचलण्यास तिला कोणी शिकवावयास नको. उलट वाणिज्य शाखेचा एक शहरी मुलगा, फावडें कधीं धरलेलें नाहीं असें हंसत सांगतो. पण हिशेब चोख ठेवतो. पोतीं, सुतळी व शिधा यांची वही त्याच्याकडे राहील. रसायनशास्त्राच्या चार मुली मातीचे नमुने घेतील. झाडाखालची, बांधालगतची किंवा उकिरड्याजवळची माती नमुन्यास चालत नाहीं, तेव्हां त्यांना शेतांत मोकळेपणानें फिरूं द्यावें.

भूगोलाच्या विद्यार्थ्याविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. त्यानें ओढ्याचीं मापें घेऊन वनराई बंधाऱ्याची जागा नकाशावर दाखविली होती; पात्र तेथें सर्वांत अरुंद आहे. परंतु तेथें तळ वाळूचा असल्यामुळें पाणी बुडाखालून निसटेल, हें आपल्या एका वयोवृद्ध सभासदांनीं पहारीनें टोंचून दाखविलें. मुलानें वाद घातला नाहीं. तो स्वतः पहार घेऊन वर वर टोंचीत गेला, व वीस पावलांवर खडक लागतांच त्यानें नवा नकाशा काढला. असा मुलगा देऊळ झाडण्यास लावून वाया दवडूं नये.

हें स्पष्ट लिहिण्याचें कारण, अशीं शिबिरें पुष्कळ ठिकाणीं प्रभातफेरी, झाडलोट व छायाचित्रें यांतच संपतात. आपल्या ओढ्याची धार रोज बारीक होत आहे. मातीनें भरलेलीं पोतीं, विटांच्या बांधकामांत सांधे चुकवितात त्याप्रमाणें, एकाच्या सांध्यावर दुसऱ्याचें पोट येईल अशीं रचून ती धार आतांच अडविली, तर कांठच्या हरभऱ्यास घाटे भरण्याच्या वेळीं एक पाणी मिळेल. धार आटल्यावर बंधारा बांधून कांहीं उपयोग नाहीं.

मुलांचा मुक्काम शाळेंत आहे. मुलींच्या खोल्यांस आंतून कड्या बसविणें व न्हाणीघराचा आडोसा करणें हें आपलें काम, व तें त्या येण्यापूर्वीं व्हावें. खतांचीं रिकामीं, न फाटलेलीं पोतीं सभासदांनीं संघाच्या गोदामांत पोंचवावीं. बंधाऱ्यास माती कोणाच्या बांधावरून घ्यावयाची, याचा निर्णय कांठच्या खातेदारांनीं शिबिरापूर्वीं बसून करावा. मुलें दारांत उभीं असतां भांडत बसूं नये. मृगापूर्वीं पोतीं काढावीं लागतील, नाहीं तर तीं पुरांत फाटून खालच्यांच्या शेतांत प्लॅस्टिक पसरेल. त्यावेळीं हीं मुलें येथें नसतील. तें काम ज्यांच्या हरभऱ्यास पाणी मिळालें त्यांनीं करावयाचें आहे.