रोष मतात कसा उतरतो

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघातून शिवसेनेच्या शिंदे गटाचे प्रतापराव जाधव सलग चौथ्यांदा निवडून आले. त्यांना सुमारे साडेतीन लाख मतं पडली, तर ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांना सुमारे ३ लाख २० हजार. पण या निकालातला थांबून पाहण्याजोगा आकडा तिसऱ्या उमेदवाराचा आहे. शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी अपक्ष उभं राहून जवळपास अडीच लाख मतं घेतली. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, मतदानाला जेमतेम दोन-अडीच आठवडे उरलेले असताना. तेवढ्यात ते गावोगाव पोचवायचं असतं. अशा उमेदवाराला इतकी मतं मिळतात, तेव्हा ती एका माणसाच्या भाषणांनी जमलेली नसतात. त्याआधी काही वर्षं गावात काहीतरी साचत आलेलं असतं.

ते कसं साचतं हे पाहायला पैनगंगेकाठचं देऊळघाट घेऊ. बुलढाणा तालुक्यातलं मोठं गाव, जिल्ह्याचं ठिकाण हाकेच्या अंतरावर. शेती बरीचशी पावसावरची, आणि या तालुक्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. मुंबई-दिल्लीतलं सरकार इथल्या शेतकऱ्याला भेटतं ते सोयाबीनच्या भावात, नुकसानीच्या पंचनाम्यात आणि विम्याच्या मेसेजमध्ये.

आधी भाव. २०२१ च्या पावसाळ्यात काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलमागे १० हजारांच्या वर गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला. नव्या मालाची आवक हेही त्याचं कारण होतं, हे मान्य. पण शेतकऱ्यानं पाहिलं ते इतकंच, की भाव चढला तेव्हा सरकारचा हात चटकन हलला. पुढे भाव पडला तेव्हा मात्र तो तसा हलला नाही. २०२३-२४ साठी हमीभाव ४,६०० रुपये होता आणि २६ एप्रिल २०२४ ला बुलढाण्यात मतदान झालं, त्या दिवसांत बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. खाद्यतेलावरचं आयात शुल्क केंद्रानं वाढवलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, लोकसभेची मतं मोजून झाल्यावर आणि विधानसभेची पडायच्या आधी. गावात या तारखा कुणी वहीत लिहून ठेवत नाही, पण त्यांचा क्रम लक्षात राहतो.

हमीभावाची सरकारी खरेदी असते, पण तिथंही दारात अडतं. ऑनलाइन नोंदणी करायची, मेसेजची वाट पाहायची, मग माल केंद्रावर न्यायचा. तिथं ओलावा मोजायचं यंत्र असतं. मूठभर दाणे त्यात टाकले की आकडा येतो. मर्यादा १२ टक्क्यांची; ऑक्टोबरात परतीचा पाऊस झालेला असेल तर आकडा त्याच्या वर जातो आणि माल माघारी. भाड्याचा टेम्पो, हमाली, सगळं अंगावर. दिवाळीची उधारी, रब्बीचं बियाणं, मुलांची फी दाराशी उभी असताना माल वाळवत बसायला कुणाला परवडतं? तो व्यापाऱ्याकडे जातो आणि व्यापारी ओलाव्यापोटी कापून भाव लावतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. निर्णय चांगला होता, पण तोवर गरजवंतांचा बराच माल विकून झालेला होता.

आता पीकविमा. माझ्या मते अविश्वासाचं खरं बियाणं इथं आहे, म्हणून जरा सावकाश पाहू. विम्याचा मुख्य हिशेब एका शेतावर होत नाही, महसूल मंडळावर होतो. मंडळ म्हणजे अनेक गावांचा गट. त्या मंडळात एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग करायचे असतात: गट नंबर निवडायचे, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न निघतं. ते ताडून पाहतात उंबरठा उत्पन्नाशी. मागच्या सात वर्षांतली पाच बरी वर्षं धरून सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के, हा तो उंबरठा.

समजा, उंबरठा हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी ९ आली. तूट २५ टक्के. विमा संरक्षण हेक्टरी ५० हजारांचं असेल तर मिळणार साडेबारा हजार. ज्याच्या शेतात ३ क्विंटल निघालं त्यालाही तेवढेच आणि ज्याला ११ निघालं त्यालाही. मंडळाची सरासरी १३ आली, तर ज्याचं शेत नाल्यानं खरवडून नेलं त्यालाही या हिशेबात शून्य. गणित म्हणून यात लबाडी नाही. मोठ्या क्षेत्राचा विमा जगात अनेक ठिकाणी असाच चालतो. अडचण ही, की प्रयोग कुणाच्या शेतात झाले, वजन किती भरलं, उंबरठा किती धरला, हे सामान्य शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. त्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो, तोही मोबाइलवर.

एकट्याच्या नुकसानीसाठी वेगळी तरतूद होती. ७२ तासांच्या आत कळवायचं, मग पाहणी. ऐन पावसात, रेंज नसताना, ॲपवर फोटो चढवत लोकांनी ते तास काढले आहेत. २०२३ च्या खरिपात राज्यानं १ रुपयात विमा दिला. त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, सरकारी जमिनीवरसुद्धा विमे निघाले. मग २०२५ च्या खरिपापासून ती योजना गुंडाळली, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा २ टक्के केला आणि भरपाई फक्त मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. एकट्याच्या नुकसानीची ती वाटही बंद झाली. चोरी केली कुणी आणि शिक्षा कुणाला, असं देऊळघाटच्या प्रामाणिक शेतकऱ्याला वाटलं तर त्यात त्याची काय चूक? त्याच वर्षी शेजारच्या अकोला जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या खात्यात विम्यापोटी ३ रुपये, २१ रुपये अशा रकमा आल्या आणि त्यांनी त्या परत केल्या. रक्कम थोडी आली हे एक. कुणीतरी आपली थट्टा केली, ही भावना त्याहून खोल जाते.

ही भावना फक्त इथली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कॅथरिन क्रेमर या प्राध्यापक बाई २००७ पासून खेड्यापाड्यांतल्या गप्पांच्या अड्ड्यांवर जाऊन बसत. त्यांना जे ऐकू आलं ते आपल्या चावडीवर सहज ऐकू येईल: निर्णय शहरात होतात, पैसा तिकडे जातो आणि आम्हाला मान नाही. तिसरी तक्रार त्यांना पहिल्या दोनांइतकीच जड वाटली. २०१६ मध्ये त्या राज्यानं ट्रम्प यांना कौल दिला. टॉम टायलर या अभ्यासकानं १९९० मध्येच दाखवलं होतं, की निकाल विरुद्ध गेला तरी माणूस तो पचवतो. आपलं ऐकून घेतलं, नियम सगळ्यांना सारखा लावला, एवढं त्याला दिसावं लागतं.

पण नुसता राग बंडखोराला मत देत नाही. एरवी रागाला सोपी वाट असते: सत्तेतला पाडा, विरोधातला आणा. बुलढाण्यात ती वाट पुसट झाली होती. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ ला समोर उभे असलेले दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच जुन्या शिवसेनेच्या दोन तुकड्यांचे. गेल्या दहा वर्षांचा जाब विचारायचा कुणाला आणि शिक्षा म्हणून मत द्यायचं कुणाला, हा प्रश्न मतदारापुढे खराखुरा होता. जिथं दोन्ही दारं एकाच वाड्याची वाटतात, तिथं माणूस बाहेर पाहतो. कधी तो कुणाकडेच पाहत नाही: २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये दुसऱ्या क्रमांकाची मतं नोटाला पडली होती.

बाहेरचा म्हणून कुणीही चालत नाही, हेही पाहिलं पाहिजे. तुपकर यांनी सोयाबीन-कापसाच्या भावासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुलढाण्यात एल्गार मोर्चा काढला, फेब्रुवारी २०२३ मध्ये आत्मदहनाच्या आंदोलनात अटक ओढवून घेतली. त्यांच्या आंदोलनाच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण ज्या कचेरीत देऊळघाटच्या माणसाला खिडकीवरून परत पाठवतात, तिच्या फाटकावर कुणीतरी आपल्या नावानं भांडताना त्यानं पाहिलं. त्याच्या ताटकळण्याला पहिल्यांदा जाहीर साक्षीदार मिळाला. शरद जोशींनी ऐंशीच्या दशकात शेतकरी संघटना वाढवली ती याच बळावर, आणि राजू शेट्टी २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेत गेले तेही याच बळावर.

मग सात महिन्यांत काय झालं? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत जिल्ह्यातल्या सातपैकी सहा जागा सत्ताधारी महायुतीला गेल्या. लोकांचा विश्वास परत आला, असा अर्थ काढायची घाई नको. देऊळघाट ज्या बुलढाणा मतदारसंघात येतं, तिथं शिंदे गटाचे संजय गायकवाड अवघ्या ८४१ मतांनी निवडून आले. धर्म, जात, उमेदवार, सगळ्यांचा वाटा होताच. पण ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपयेही घरात येऊ लागले होते. त्या पैशाला पंचनामा नव्हता, मंडळाची सरासरी नव्हती, ओलावा मोजायचं यंत्र नव्हतं. रक्कम आधी सांगितली आणि तेवढीच आली. तिच्या खर्चाबद्दल रास्त शंका आहेत, पण सांगितलेलं खात्यात दिसणं, हा अनुभव सोयाबीनच्या शेतकऱ्याला सरकारकडून क्वचित आला होता.

म्हणून मला सरकारकडे पहिली मागणी पैशाची करावीशी वाटत नाही. कापणी प्रयोगाची तारीख आदल्या दिवशी दवंडी देऊन कळवावी. निवडलेले गट नंबर, प्रत्येक चौकोनातलं वजन, मंडळाचं उंबरठा उत्पन्न आणि त्यावरून निघालेली तूट, हे सगळं मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, देऊळघाटच्याही, लावावं. आणि हरकती घ्यायला पंधरा दिवस द्यावेत; त्या हरकतींचं उत्तर लेखी मिळावं.