कार्यनियोजक, संगणकीय

संगणकाच्या परिचालन प्रणालीतच अंतर्भूत असलेली आणि ठरवून दिलेल्या वेळी नेमलेली आज्ञावली आपोआप चालविणारी व्यवस्था. माहितीच्या प्रती काढून ठेवणे, अनावश्यक फाइली पुसणे यांसारखी यंत्राची नित्यकर्मे माणसाच्या गैरहजेरीत पार पडावीत, हा तिचा मूळ हेतू होय. तथापि औषधाची वेळ, विम्याचा हप्ता, जन्मदिवस इत्यादींच्या वैयक्तिक स्मरणसूचनांसाठीही तिचा उपयोग करतात.

हा उपयोग नवा नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘कॅलेंडर’ नावाची स्मरण देणारी आज्ञावली होती. वापरणाऱ्याने त्याच नावाच्या फाइलीत तारखांसह टिपणे लिहून ठेवावयाची. ‘क्रॉन’ हा नियोजक रोज पहाटे ती आज्ञावली चालवी व ज्या ओळींत त्या किंवा दुसऱ्या दिवसाची तारीख असे, त्या ओळी संबंधितास संगणकीय टपालाने मिळत. आठवड्याअखेरीस ही मर्यादा सोमवारपर्यंत वाढे.

क्रॉनला वेळ पाच रकान्यांत सांगतात : मिनिट, तास, तारीख, महिना व वार. रविवारसाठी ० व सोमवारसाठी १ हा आकडा असून तारका म्हणजे ‘कोणतेही मूल्य’. त्यानुसार ‘३० ८ * * १’ (प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत) म्हणजे दर सोमवारी सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी. प्रचलित आवृत्त्यांत तारीख व वार हे दोन्ही रकाने भरल्यास त्यांपैकी एक जुळला तरी कार्य सुरू होते. म्हणून १ ते ७ तारखा व सोमवार असे लिहून महिन्याचा केवळ पहिला सोमवार साधत नाही. नियोजकास तिथी कळत नाही. एकादशी किंवा श्राद्धतिथी यांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी पंचांगावरून भराव्या लागतात.

मायक्रोसॉफ्टचा नियोजक १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या ‘प्लस’ या पुरवणी संचातून ‘सिस्टिम एजंट’ नावाने आला व पुढे ‘टास्क शेड्यूलर’ म्हणून रूढ झाला. विंडोज व्हिस्टामध्ये (२००७) संदेश दाखविण्याची व ई-मेल पाठविण्याची सोय त्यात होती. विंडोज ८ पासून (२०१२) या क्रिया कालबाह्य ठरविण्यात आल्या. त्यामुळे संदेश दाखविणारी लहान आज्ञावली चालविणे किंवा टिपणाची फाइल उघडविणे, हे मार्ग अवलंबितात.

मर्यादा : आज्ञावली चालणे म्हणजे माणसास आठवण होणे नव्हे. संगणक बंद असल्यास क्रॉनचे कार्य चुकते व नंतर भरून निघत नाही. विंडोजमध्ये निद्रित संगणकास जागविण्याचा व चुकलेले कार्य शक्य तितक्या लवकर करण्याचा, असे दोन पर्याय आहेत; मात्र ते निवडावे लागतात. ‘वापरणारा उपस्थित नसतानाही चालवावे’ असा पर्याय घेतल्यास व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये कार्य पडद्याआड पार पडते आणि संदेश कोणासही दिसत नाही. शिवाय सूचना वाचली की नाही, याची खातरजमा नियोजक करीत नाही. आज्ञावली सुरू झाली की त्याच्या दृष्टीने काम संपते. म्हणून हप्ता, पत्रव्यवहार यांसारख्या थोडा विलंब चालणाऱ्या बाबींस ही व्यवस्था पुरेशी ठरते. औषधाची मात्रा चुकणे धोक्याचे असेल तेथे मात्र सोबत राहणारे गजराचे साधन किंवा घरातील माणूस यांची जोड आवश्यक असते.