व्हीनसच्या देहावर कुणाचा चेहरा?

रोमन शिल्पकलेचा विषय निघाला की ‘ग्रीकांची नक्कल’ हा शेरा ठरलेला. प्रेमदेवता व्हीनसच्या बाबतीत तो वरवर पटतोही. प्रॅक्सिटेलिस या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात नीडॉस शहरासाठी विवस्त्र ॲफ्रोडायटी, म्हणजे ग्रीकांची व्हीनस, घडवली. ती मूर्ती केव्हाच नाहीशी झाली. आज तिची कल्पना येते ती रोमन काळातल्या प्रतींवरूनच. रोमची प्रसिद्ध कॅपिटोलाइन व्हीनस याच घराण्यातली. स्नानाच्या वेळी कुणाची तरी चाहूल लागावी तशी ती उभी आहे. एक हात छातीशी, दुसरा मांड्यांपुढे, केस वर बांधलेले, शेजारी घडा आणि त्यावर टाकलेलं वस्त्र. हा घडा केवळ शोभेचा नाही. संगमरवराचं सगळं वजन दोन घोट्यांवर पेलवत नाही, म्हणून दगडाला दिलेला तो टेकू आहे.

पण या देवीला रोमनांनी जे काम लावलं, ते त्यांचं स्वतःचं होतं. ट्रॉयमधून निसटलेला ईनीअस हा व्हीनसचा मुलगा आणि आपण त्याचे वंशज, असं ज्युलियस सीझरचं घराणं सांगे. फार्सालसच्या लढाईआधी सीझरने देवीला मंदिराचा नवस केला आणि इसवी सनपूर्व 46 मध्ये व्हीनस जेनेट्रिक्सचं, म्हणजे जन्मदात्री व्हीनसचं मंदिर उभं राहिलं. त्यातली मूर्ती आर्केसिलाउस या शिल्पकाराची. लोकार्पणाची इतकी घाई होती की ती अपुरीच बसवली गेली, असं रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. पुढे सीझरचा दत्तक मुलगा ऑगस्टस याच्या, प्रिमा पोर्ता इथे सापडलेल्या पुतळ्यात सम्राटाच्या पायाशी डॉल्फिनवर बसलेला व्हीनसचा मुलगा क्युपिड आला. तोही टेकूच, पण पाहणाऱ्याला सम्राटाचं कूळ सांगणारा.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या मात्र घरंदाज स्त्रियांच्या मूर्ती. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात पहिल्या शतकाच्या अखेरची अशी एक आहे. देह कॅपिटोलाइन व्हीनसचा, तरुण आणि विवस्त्र. चेहरा मात्र प्रौढ, करारी बाईचा. कपाळावर त्या काळच्या फॅशनप्रमाणे कुरळ्या बटांची उंच कमान. आजच्या प्रेक्षकाला हे विजोड वाटतं. तेव्हाच्या माणसाला त्यात दोन वेगळ्या गोष्टी वाचता येत होत्या : चेहऱ्यावरून बाई कोण ते कळे, देहावरून तिचं सौंदर्य आणि तिचं आईपण. यात बेअब्रू होत नव्हती. सम्राट डोमिशियनचा कारभारी अबास्कांटस याने पत्नी प्रिसिला वारल्यावर तिच्या समाधीत तिला देवींच्या रूपांत उभं केलं, त्यात व्हीनसही होती. स्टेशिअस या कवीने ते आदरानेच नोंदवून ठेवलं आहे. गेलेल्या बायकोला नवऱ्याने दिलेला तो मान होता.

अशा मूर्तींना बेढब नकला म्हणणं हा अन्यायच आहे. ग्रीकांकडून घेतलेला देह रोमन शिल्पींनी आपल्या माणसांच्या आठवणीसाठी वापरला. एखाद्या संग्रहालयात व्हीनससमोर उभे राहाल तेव्हा आधी तिचे केस आणि चेहरा नीट पाहा. कपाळावर बटांची कमान आणि ओठांच्या कडेला वयाच्या रेषा दिसल्या, तर ती देवी नव्हे, कुणाच्या तरी घरातली बाई आहे.